धुण्याचं पाणी

माझ्या कारखान्यातून आजवर मी तीन माणसांना बाहेर काढलं आहे. पहिले दोघे चोर होते. तिसरे सर. सरांनी काही चोरलं नव्हतं. त्यांनी माझ्याच कारखान्यात, माझ्या पाहुण्यांसमोर, कुणी विचारलं नसताना एक खरं वाक्य उच्चारलं, आणि त्या वाक्यापायी जे नाव मला मिळायचं होतं ते दुसऱ्याला मिळालं. त्याला दोन वर्षं होऊन गेली. राग अजून आहे, तो झाकून हे लिहीत नाही. पण इतकी वर्षं धंद्यात नाना तऱ्हेची माणसं पाहिली, त्यात मला न उलगडलेला माणूस हा एकच, म्हणून लिहितोय.

मी दहावी नापास. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीचे कारखाने आहेत, त्यांना ब्लीचिंगचं आणि रंगाईचं केमिकल लागतं. सायकलच्या कॅरियरला कॅन बांधून ते पोचवण्यापासून मी सुरुवात केली. पोचवणाऱ्याचा विकणारा झालो, विकणाऱ्याचा बनवणारा. आज चिंचोळीच्या एमआयडीसीत माझा स्वतःचा कारखाना आहे. कुणी हात दिला नाही. भाव करत करत इथवर आलो, आणि भाव करताना आवाज चढतो हे मला ठाऊक आहे.

सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते एक लिटर सीक्वेस्टरिंग मागायला. सोलापूरचं बोअरचं पाणी जड. त्यातलं लोखंड आणि चुना टॉवेल पिवळा पाडतात. हे केमिकल पाण्यात टाकलं की ते लोखंड-चुन्याला धरून ठेवतं, कापडाला लागू देत नाही. माझ्याकडे त्याचे ड्रमच्या ड्रम जातात, एक लिटर कुणी मागत नाही. मी मुद्दाम चढा भाव सांगितला, म्हटलं आता घासाघीस होईल. त्यांनी खिशात हात घालून तेवढे पैसे काढून ठेवले. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. समोरचा भाव करत नाही म्हणजे तो आपल्याला मोजतच नाही.

मग त्यांनी विचारलं, "हे काय करतं, माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, टॉवेल पांढरा ठेवतं.

"ते झालं टॉवेलचं. हे स्वतः काय करतं?"

गिऱ्हाईक थांबलेलं असताना या माणसाने काउंटरवरच्या कागदावर खेकड्यासारखं काहीतरी काढलं आणि सांगितलं, की याचा एकेक कण म्हणजे असा आठ नांग्यांचा खेकडा आहे, धातूचा कण दिसला की सगळ्या बाजूंनी मिठी मारतो. तीस वर्षं आपण सरकारी प्रयोगशाळेत हाच खेकडा वापरत होतो, पण टॉवेलसाठी नव्हे, अणुवीज केंद्रातल्या जळक्या इंधनाच्या कचऱ्यासाठी. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. पंधरा वर्षं मी जे कॅनमध्ये भरून विकत होतो, त्याला हे आत ओळखत होते. मला वाटलं, हा माणूस फुकट मिळाला तर सोडायचा नाही.

आणि जवळजवळ फुकटच मिळाले. सर मूळचे इथलेच, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे. निवृत्त होऊन विधवा बहिणीकडे राहायला आले होते. त्यांना पैसे नको होते. कारखान्यात एक टेबल हवं होतं, उत्तरेच्या खिडकीजवळ. मी म्हटलं टेबल घ्या, बदल्यात माझ्या पोरांना चार गोष्टी शिकवा. एवढा चांगला सौदा मी आयुष्यात केला नव्हता, असं तेव्हा वाटलं.

उत्तरेची खिडकी का, ते आमच्या मल्लप्पाला लगेच कळलं. मल्लप्पा अक्कलकोटकडचा, माझ्याकडे येण्याआधी एका डाय हाउसमध्ये शेड मारायचा, म्हणजे नमुन्याच्या टॉवेलशी रंग जुळवायचा. शेड नेहमी उत्तरेच्या उजेडात बघतात, उन्हात बघितली तर डोळा फसतो. सरांचे वडीलही रंगारी होते. सर कुठलीही बाटली, कुठलीही नळी हातात आली की ती आधी खिडकीपाशी नेत, मागे पांढऱ्या टॉवेलचा तुकडा धरत आणि वरून आत पाहत, विहिरीत वाकून पाहावं तसं. चहाचंही तेच. पोरं हसायची. सरांना त्याचं काही नव्हतं.

ते सगळ्यांना प्रश्न विचारत. उत्तर मिळालं की वहीत लिहून घेत, आणि खाली उत्तर देणाऱ्याचं नाव. एकदा त्यांनी गोदामात दोन पांढऱ्या पावडरी बशीत ठेवल्या आणि मल्लप्पाला म्हणाले, नाव न वाचता ओळख. मल्लप्पाने चिमूट चोळली, कानाजवळ नेली आणि सांगितलं, "ही करकर करतीया, ती गप हाय." सरांनी स्वतः चोळून ऐकली. मग अर्धा तास तेच. वहीत "मल्लप्पा – आवाजावरून" असं लिहिलं. मला वाटलं, तीस वर्षं सरकारने या माणसाला पगार दिला तो याचसाठी का?

पण एका अर्थी याचसाठीच दिला होता, हे नंतर कळलं. त्यांचं सगळं आयुष्य दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या करण्यात गेलं होतं.

त्यांनी मला ते समजावलं तेव्हा आम्ही सांगोल्याकडून येत होतो. मला तिकडे एका दूधसंघाच्या जुन्या टाक्या बघायच्या होत्या, सर गाडीत रिकामे बसले होते. ते सांगत होते: अणुवीज केंद्रातलं जळून उरलेलं इंधन ॲसिडमध्ये विरघळवतात. कामाचं बाहेर काढून घेतात. खाली जे पाणी उरतं त्यात एक अमेरिशियम नावाचा धातू थोडासाच असतो, पण तो हजारो वर्षं तापत राहतो. तो काढून घेता आला तर बाकीचा कचरा तेवढा काळ राखत बसावं लागत नाही. अडचण अशी की त्याच पाण्यात दुसरे डझनभर धातू असतात, आकाराने जवळजवळ तेवढेच, स्वभावाने जवळजवळ तसेच. जुळे भाऊ समजा. चाळणीने वेगळे होत नाहीत, उकळून होत नाहीत.

"मग कशाने होतात?" मी विचारलं.

तेवढ्यात समोर रस्ता अडला. पाण्याच्या टाकीपाशी दोन धनगरांचे कळप एकमेकांत मिसळले होते. शेकडो मेंढ्या, सगळ्या मला एकच. मी हॉर्नवर हात ठेवला, सरांनी तो उचलला आणि खाली उतरून त्यातल्या एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं, आता यातून तुमच्या कशा निवडणार? खुणा आहेत का कानाला?

म्हातारा म्हणाला, "खुणा कशाला? आपल्या आपल्या हाकंला येत्यात की."

मग तो टाकीच्या एका बाजूला गेला आणि घशातून एक लांब आवाज काढला. दुसरा धनगर दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याने वेगळा काढला. गर्दी आपोआप फाटत गेली. कुणी कुणाला हात लावला नाही. सर रस्त्याच्या मधोमध उभे राहून तोंड उघडं टाकून पाहत होते. मग त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं की चुकून दुसऱ्याच्या हाकेला जाते का एखादी. म्हातारा म्हणाला, जाते, नवी घेतलेली जाते, पण परत येते. सरांनी विचारलं किती दिवसांत. गाडीमागे ट्रक वाजवायला लागले होते. मी सरांना दंडाला धरून आत बसवलं.

"हाकेने," ते पुढच्या गावापर्यंत तेवढंच म्हणत होते. मग म्हणाले, "वर तेल, खाली पाणी. तेलात एक हाक मारणारा ठेवायचा, पाण्यात एक. ज्याची हाक ज्याला लागते तो तिकडे जातो. आम्ही तीस वर्षं हाका बनवत होतो, कारखानदार."

ते मला कारखानदार म्हणत. त्यात टोमणा होता का, हे मला कधी ठरवता आलं नाही.

त्यांच्यामुळेच ते काम आलं. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत त्यांची जुनी विद्यार्थिनी होती, तिला मी मॅडम म्हणतो. तिच्या लोकांनी तेलातला एक नवा हाक मारणारा शोधला होता. प्रयोगशाळेत चमचाभर बनत होता, पण मोठ्या चाचणीला काही किलो हवा होता. मोठे कारखाने एवढ्याशा मालाला हात लावत नाहीत. सर म्हणाले, आमच्या कारखानदारांकडे काचेचं अस्तर असलेलं भांडं आहे.

एमआयडीसीत बातमी वेगळीच फिरली. चिंचोळीत अणूचा कचरा येणार. चहाच्या गाडीवर मला लोक विचारायला लागले. माझ्या एका कामगाराने कामावर येणं बंद केलं, तर दुसरा म्हणाला, "मालक, अंधारात चमकायला लागलो तर घरचं लाइटबिल तरी वाचंल की." सरांनी सगळ्यांना टेबलापाशी बोलावून सांगितलं, की कचरा येणार नाही, तेल इथून जाणार आहे. आणि तिकडेही पहिली चाचणी खऱ्या कचऱ्यावर नाही, नकली कचऱ्यावर होणार. नकली म्हणजे त्याच जुळ्या भावांपैकी जे तापत नाहीत ते. त्यातल्या एकाचं, निओडिमियमचं, मीठ त्यांनी बरोबर आणलं होतं. पाण्यात विरघळवलं की फिकट जांभळं दिसतं. त्यांनी एका नळीत ते पाणी घेतलं, वर प्रयोगशाळेचं तेल ओतलं, हलवलं आणि ठेवलं. जांभळा रंग हळूहळू खालच्या पाण्यातून उठून वरच्या तेलात गेला. खाली पाणी उरलं, स्वच्छ.

गंमत बघायला आलेली पोरं नळीभोवती वाकली. मीही. आणि तिथेच मी ठरवलं की हे तेल मीच बनवणार. पैशाचा विचार त्यात नव्हता, तेवढ्या मालात काय मिळणार? मला ते पत्र हवं होतं, की हा माल अमुक कारखान्यात बनला आणि पास झाला. सायकलवर कॅन वाहणाऱ्याच्या भिंतीवर ते पत्र.

संस्थेशी बोलणी मी केली. सर एका कोपऱ्यात बसून ऐकत होते, माझ्या आवाजाचा चढउतार ते वहीत लिहीत असावेत असा मला संशय आहे. मी मुदत वाढवून घेतली, गाडीभाड्याचा खर्च त्यांच्यावर टाकला. फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "तुम्ही 'शक्य नाही' म्हणालात आणि दोन मिनिटांनी तेच शक्य झालं. मधे काय बदललं?" मी म्हणालो, काही नाही, त्यालाच भाव करणं म्हणतात. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते काहीतरी बदललं असलंच पाहिजे.

आता चूक सांगतो. भांड्याच्या काचेवर आमच्या पाण्याचे पांढरे डाग पडायचे. सर आल्या आल्या मल्लप्पाने त्यांना ते दाखवले होते, आणि सरांनी सांगितलं होतं, धुण्याच्या पाण्यात आपलंच सीक्वेस्टरिंग टोपणभर टाकत जा. डाग गेले. मल्लप्पा एकदा शिकला की विसरत नाही. तेव्हापासून आमच्याकडे भांडं असो, माल असो, धुण्याच्या प्रत्येक पाण्यात टोपणभर पडायचं. टॉवेलच्या धंद्यात ही चांगलीच सवय आहे. मला माहीत होती, आवडतही होती. आणि मॅडमचं तेल बनलं तेव्हा ते शेवटी तीन वेळा पाण्याने धुवायचं होतं. मल्लप्पाने धुतलं. टोपणभर टाकून.

मुंबईच्या एका लॅबने मालाचा रिपोर्ट दिला, नव्याण्णव टक्क्यांच्या वर शुद्ध. त्यांचं यंत्र माल तापवून त्याची वाफ तपासतं. सीक्वेस्टरिंगची वाफ होत नाही, म्हणून ते यंत्राला दिसलं नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मी त्या रिपोर्टला फ्रेम करायचा विचार करत होतो.

मॅडम आणि त्यांचे दोघे सहकारी माल घ्यायला आले तो दिवस. मी कार्यालयात नवीन पडदे लावले होते. त्यांनी नळीची चाचणी केली. रंग वर गेला. मॅडम म्हणाल्या, छान. एका सहकाऱ्याने कागद काढला, पेन काढलं. सरांनी ती नळी स्टँडमधून उचलली, खिडकीपाशी नेली, मागे पांढरा टॉवेल धरला आणि वरून आत पाहिलं. पाहतच राहिले. मग म्हणाले, "मल्लप्पा, शेड बघ."

मल्लप्पा आला. त्याने नळीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा नळीत. मी त्याला डोळ्यांनी काय सांगत होतो ते त्याला नीट कळत होतं. "खाली ऱ्हायलंय," तो म्हणाला. "वाईच हाय, पण हाय."

मॅडमनी पाहिलं, त्यांना दिसलं नाही. मग प्रयोगशाळेच्या जुन्या तेलाची नळी शेजारी धरली, तेव्हा दिसलं. पाण्यात कुणीतरी होतं जे रंगाला खाली धरून ठेवत होतं. त्यांच्या चाचणीत पाण्यातला धरणारा पुढच्या पायरीला मोजून टाकायचा असतो. तोच जर मालातून न मोजता येत असेल, तर सगळी मोजणी खोटी.

सरांनी मल्लप्पाला विचारलं, शेवटचं धुणं कशाने केलं? मल्लप्पा म्हणाला, "तुमीच सांगितल्यालं की सर. टोपणभर टाकून."

 त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला नेमकं आठवतं. मी बोलणार होतो. मी म्हणणार होतो, आठ दिवस द्या. आठ दिवसांत परत धुऊन देतो, खर्च माझा. मॅडमचा चेहरा मी वाचला होता, त्या दिल्याशिवाय राहिल्या नसत्या. माझं तोंड उघडलं होतं.

सर आधी बोलले. "चूक माझी आहे. मी सांगितलं होतं. ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं."

ह्यांना म्हणजे मला. माझ्या कारखान्यात, माझ्या भांड्यात, माझ्या पाण्यात काय पडतं ते मलाच माहीत नव्हतं म्हणे. मॅडमच्या सहकाऱ्याने पेनाला टोपण लावलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं, गोड भाषेत. त्यात मालाबद्दल तक्रार नव्हती. उत्पादकाचं स्वतःच्या प्रक्रियेवर पुरेसं नियंत्रण दिसत नाही, एवढंच होतं. काम दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला गेलं.

सरांना मी त्याच संध्याकाळी काढलं. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मल्लप्पा भिंतीला चिकटून उभा होता. सरांनी पिशवी भरली आणि फाटकापर्यंत गेले. मग परत आले. मला वाटलं माफी मागतायत, किंवा मला मागायला लावतायत. ते टेबलापाशी गेले, एका बिनचिठ्ठीच्या बाटलीवर "ॲसिड" असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, बाटली कोपऱ्यात ढकलली आणि गेले. त्या बाटलीचा मला आणखी राग आला.

नंतर दोन वर्षं मी गाडी चालवताना, अंघोळ करताना, गिऱ्हाइकाशी बोलताना ते आठ दिवस मागत राहिलो. दर वेळी मला मिळाले. आणि दर वेळी एक प्रश्न मागे उरायचा, की ज्या माणसाला एवढं सगळं जाणून घ्यायचं असतं त्याने मी काय बोलतो ते ऐकून का घेतलं नाही?

मागच्या महिन्यात संस्थेची ईमेल आली. बऱ्याच कारखान्यांना गेलेली, त्यातली एक मला. तेच तेल पुन्हा हवं होतं. चुकून आली असणार, जुन्या यादीतून. मी ती मिटवायला गेलो आणि न मिटवता गाडी काढली. पूर्व भागात सरांच्या बहिणीच्या घरी गेलो.

अक्का दारात कढीपत्ता निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "भांडायला आलात व्हय? बसा. आधी पाणी प्या." सर आतून आले, जरा वाळलेले, खांद्यावर तोच टॉवेलचा तुकडा. ते म्हणाले, "या कारखानदार," जसं काही कालच भेटलो होतो.

मी उभ्यानेच सगळं बोललो. दोन वर्षांचं. अक्का कढीपत्ता निवडायच्या थांबल्या. सरांनी या वेळी सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाले, "आठ दिवस मागितले असते म्हणता. त्यांनी दिले असते?"

"दिलेच असते."

"कसे?" त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. "करून दाखवा. मी मॅडम."

अक्का म्हणाल्या, "ह्याच्याशी काय भाव करताय? भाजीवाली सांगंल त्या भावानं आणतोय हा."

पण सर ताठ बसले होते, हातात पेन धरल्यासारखं करून. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी सुरू झालो. "मॅडम, माल माझा, पाणी माझं, चूक माझी. आठ दिवस द्या, धुऊन देतो."

"दिले."

"असं लगेच देऊ नका सर. थोडं ताणा."

"बरं." त्यांनी विचार केला. "कशाने धुणार?"

"डिस्टिल्ड वॉटरने."

"एवढं कुठून आणणार?"

"टँकरने."

"टँकरात आधी काय होतं?"

मी म्हणालो, ते बघू. ते म्हणाले, बरं, टँकर स्वच्छ आहे असं धरू. भांड्यात पाणी कशातून जाणार? होजमधून. त्या होजमधून आधी काय गेलंय? मी उत्तर देणार होतो आणि थांबलो. त्या होजने आम्ही पंधरा वर्षं सीक्वेस्टरिंगचे कॅन भरत होतो. पंप? तोच. पंपाची पॅकिंग? टाकीखालचा व्हॉल्व्ह? सर चिडवत नव्हते, मला खोटं पाडत नव्हते. पुढे झुकून बसले होते, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. कारखाना मी डोळ्यांपुढे आणत गेलो, एकेक पाइप, आणि प्रत्येकातून ते टोपणभर थेंब थेंब गळत होतं.

"मग किती दिवस लागले असते?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"मला कसं कळणार? कारखाना तुमचा."

मी हिशोब मांडला. वेगळं लहान भांडं, नवे पाइप, पाणी उकळून त्याची वाफ धरायचं स्वतःचं यंत्र, ते बसवणं, रिकामं चालवून तपासणं. "एकवीस," मी म्हणालो.

"तेव्हा एकवीस मागितले असते?"

"नाही. आठच मागितले असते."

 मग मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, ते सगळं खरं असेल, तरी तुम्ही बोलायला नको होतं. चूक माझ्या भांड्यातली होती. ती माझ्या तोंडाने बाहेर पडू द्यायची.

सर टॉवेलची कड चाचपू लागले. "मला वाटलं, मी तुम्हाला वाचवतोय," ते म्हणाले. "तेही अर्धंच खरं. तुम्ही काय बोलाल याची मला खात्री नव्हती."

"मलाही नव्हती," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला ठाऊक नाही. मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट त्या दिवशी माझ्या खिशात होता. आठ दिवस नाही मिळाले तर तो काढून टेबलावर आपटायचा, आवाज चढवायचा आणि मल्लप्पाला खोटा पाडायचा, हेही माझ्या डोक्यात होतं. दोन वर्षं मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

अक्कांनी चहा आणून ठेवला. सर म्हणाले, "ईमेल आलीय ना? लावा फोन."

मी म्हणालो, दोन वर्षं झाली, आता कोण दारात उभं करणार?

"तो कचरा हजारो वर्षं तापणार आहे," सर म्हणाले. "दोन वर्षांचं कुणाला काय?"

मी फोन लावला. मॅडमनी स्वतः घेतला. मी नाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या की नमुना दहा दिवसांत हवा आहे, बाकीचे तेवढ्यात देतायत. मला आयुष्यात पहिल्यांदा मुदतीवर भाव करताना आवाज चढवावा लागला नाही. म्हटलं, मला एकवीस लागतील. का, ते त्यांनी विचारलं. मी होजपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं सांगितलं, जे दोन वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं आणि दहा मिनिटांपूर्वीही नव्हतं. त्या ऐकत होत्या. लिहून घेत असाव्यात, मधे मधे थांबा म्हणत होत्या. समोर सर चहा थंड करत बसले होते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची नाही असं ठरवल्यासारखे मान ताठ धरून होते.

शेवटी मॅडमनी विचारलं, "तुमचे ते सल्लागार अजून आहेत का तुमच्याकडे?"

मी सरांकडे पाहिलं.

"आहेत की," मी म्हणालो. "पण पाण्याचं मला विचारा."